‘बोलेल हळूहळू’ म्हणत किती थांबायचं?

दीड वर्षाचं मूल अजून एकही शब्द बोलत नाही. आईच्या मनात पाल चुकचुकते. घरातल्या मोठ्यांचं उत्तर मात्र तयार असतं: ‘याचा काका चार वर्षांचा होईपर्यंत बोलला नव्हता. आता बघ, दुसऱ्या कुणाला बोलू देतो का!’ पुष्कळदा हे खरंही ठरतं. म्हणून तर त्यावर विश्वास बसतो, आणि ज्या घरात ते खरं ठरत नाही त्या घराची दोन-तीन वर्षं निघून जातात.

नोव्हेंबर २०२३मध्ये केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडी प्रोटोकॉल जाहीर केला. वाढीत मागे पडणारं मूल पहिल्यांदा हेरायचं काम त्यात अंगणवाडी ताईंवर आलं. त्याआधी दहा वर्षं, फेब्रुवारी २०१३मध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला, तो आपल्या पालघरमधून. अंगणवाडीत वर्षातून दोनदा डॉक्टरांची गाडी येते ती याच कार्यक्रमाची. या सगळ्याच्या मुळाशी एक कल्पना आहे आणि तिच्यामागे साठेक वर्षांचं संशोधन आहे. ते काय सांगतं, आणि कुठे गप्प बसतं, हे पाहू.

‘हस्तक्षेप’ कुणाचा, कशात?

सरकारी कागदात याला ‘शीघ्र हस्तक्षेप’ म्हणतात. मराठीत हस्तक्षेप एक तर पोलिसांचा असतो, नाही तर पुढाऱ्यांचा. त्यामुळे सिव्हिल हॉस्पिटलात ‘जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र’ अशी पाटी वाचून आईबाप बावचळले तर दोष त्यांचा नाही. अर्थ साधा आहे. मुलाला जन्मतः काही अपंगत्व आहे. किंवा ते येण्याची शक्यता आहे, कारण बाळ कमी दिवसांचं होतं, जन्मल्यावर रडलं नव्हतं, काचेच्या पेटीत राहिलं होतं. किंवा वयाप्रमाणे यायला हव्यात त्या गोष्टी येत नाहीत. अशा मुलाला पहिल्या तीन, फार तर सहा वर्षांत द्यायची मदत, आणि त्याच्याबरोबर घरच्यांनाही. पुढे मी ‘लवकर मदत’ एवढंच म्हणेन.

अशी मुलं थोडीथोडकी नाहीत. २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत देशातल्या पाच ठिकाणची दोन ते नऊ वर्षांची सुमारे चार हजार मुलं तपासली होती. त्यात उत्तर गोवाही होतं. ऐकू न येणं, फिट्स, स्वमग्नता, शिकण्यातल्या अडचणी असं सगळं धरून आठ मुलांमागे साधारण एकात काही ना काही सापडलं.

वाफसा आणि विरळणी

पाऊस उघडल्यावर जमीन चिखलही नसते आणि कोरडीही नसते, असे थोडे दिवस मिळतात. तो वाफसा. त्यात पेरलं की बी आपसूक उगवतं. वाफसा गेल्यावर पेरता येतच नाही असं नाही, पण वरून पाणी द्यावं लागतं आणि उगवण विरळ होते. मेंदूचंही असंच आहे, फक्त तिथे प्रत्येक कामाचा वाफसा वेगळा. बघण्याचा आणि ऐकण्याचा लवकर सरतो, भाषेचा त्याहून रेंगाळतो, विचार करण्याचा तर वर्षानुवर्षं टिकतो.

हे पहिल्यांदा नीट दाखवलं डेव्हिड ह्युबेल आणि टॉर्स्टन वीझल या मेंदूशास्त्रज्ञांनी, १९६०च्या दशकात. त्यांनी मांजरीच्या पिल्लाची एक पापणी सुरुवातीचे काही आठवडे शिवून ठेवली. उघडली तेव्हा डोळा धडधाकट होता, पण त्याचा निरोप मेंदू घेईना. मोठ्या मांजरावर हेच केलं तर काही बिघडत नव्हतं. प्रयोग वाचताना अंगावर काटा येतो. १९८१चं नोबेल मात्र या कामाला मिळालं, आणि लहान मुलांच्या डोळ्यांचे उपचार त्यानं बदलले. आजीच्या मोतीबिंदूबद्दल ‘पिकू द्या, मग काढू’ असं म्हणायची पद्धत होती. जन्मतः एका डोळ्यात दाट मोतीबिंदू असलेल्या बाळाचं तसं चालत नाही. त्याचं ऑपरेशन शक्यतो पहिल्या दीड-दोन महिन्यांतच करायला हवं.

दुसरा शब्दही शेतातलाच. कपाशी टोकताना एका जागी दोन-तीन बिया टाकतात आणि उगवल्यावर जोमदार रोप ठेवून बाकीची उपटतात. ही विरळणी. बाळाचा मेंदू पहिल्या एक-दोन वर्षांत पेशींमधले जोड गरजेपेक्षा कितीतरी जास्त तयार करतो. मग वापरात असतील ते राखतो, उरलेले काढून टाकतो. कानाकडून काहीच येत नसेल तर कानासाठी राखलेली जागा ओस पडत नाही. डोळ्यांचं किंवा स्पर्शाचं काम तिच्यावर अतिक्रमण करतं. ते नंतर हटवणं, कुठलंही अतिक्रमण हटवण्यासारखंच, अवघड जातं.

कानाची गोष्ट

लवकर मदतीचा सगळ्यात स्वच्छ पुरावा ऐकण्याच्या बाबतीत मिळतो, म्हणून इथे जरा थांबू.

जन्मतः ऐकू न येणारी मुलं जगभरात हजारी एक-दोन असतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात क्रिस्टीन योशिनागा-इटानो आणि सहकाऱ्यांनी अशा १५० मुलांची भाषा तपासली. हा अभ्यास १९९८चा. ७२ मुलांचं ऐकू न येणं सहा महिन्यांच्या आत लक्षात आलं होतं, ७८ जणांचं त्यानंतर. पहिल्या गटाची भाषा ठळकपणे पुढे होती. ऐकू कमी येत असो की अजिबात नाही, घर गरीब असो की सुखवस्तू, हा फरक टिकला. आणि मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की मूल तोंडानं बोलायला शिकत होतं की खुणांची भाषा, यानंही तो पुसला गेला नाही. म्हणजे श्रेय एकट्या कानातल्या यंत्राचं नव्हतं. मुलाला कुठली तरी एक पूर्ण भाषा वेळेवर मिळाली, हे त्यामागचं इंगित. ‘खुणा शिकवल्या तर बोलायचा आळस करेल’ या भीतीनं आपल्याकडे मुलं दोन्ही भाषांना मुकतात.

अनु शर्मा या संशोधिकेनं कॉक्लिअर इम्प्लांट बसवलेल्या मुलांचा मेंदू आवाजाला कसा प्रतिसाद देतो ते मोजलं. (हे यंत्र ऑपरेशननं बसवतात आणि ते आवाजाचा संदेश थेट कानाच्या नसेला देतं.) साडेतीन वर्षांच्या आत ऑपरेशन झालेल्या बहुतेक मुलांचा प्रतिसाद काही महिन्यांत इतर मुलांसारखा झाला. सात वर्षांनंतर झालेल्यांचा सहसा झाला नाही. यंत्र तेच, पण वाफसा गेलेला.

‘पण आमचं बाळ टाळी वाजवली की बघतं!’ बघेलच. टाळीबरोबर हात हलतो, थाळी वाजवली की भांडं थरथरतं, दार आपटलं की हवेचा झोत येतो. शिवाय एखाद्याला दाराचा धाडकन आवाज ऐकू येतो आणि ‘स’, ‘श’, ‘फ’ अजिबात येत नाहीत. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी बोंडी ठेवून काही मिनिटांत होणारी ओएई नावाची चाचणी असते. ती दुखत नाही. जगभर मानला जाणारा हिशेब एक-तीन-सहा असा आहे: पहिल्या महिन्यात चाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत मदत सुरू.

‘रोज तेल लावून चोळतो, ते पुरेसं नाही का?’

सेरेब्रल पाल्सीच्या बाबतीत हा प्रश्न हमखास येतो. वाढत्या मेंदूला इजा झाल्यामुळे हालचालींवर ताबा राहत नाही, ती ही अवस्था. पूर्वी तिचं निदान व्हायला वर्ष, दोन वर्षं लागत. ‘बघू, बसायला लागतंय का’, मग ‘बघू, चालतंय का’.

आता इतकं थांबायची गरज राहिलेली नाही, आणि कारण मोठं मजेदार आहे. हाइन्झ प्रेख्टल या डॉक्टरांनी आयुष्यभर बाळांना नुसतं न्याहाळलं. उताणं पडलेलं तीनेक महिन्यांचं निरोगी बाळ उगाचच सतत बारीक बारीक चुळबुळ करत असतं. मान, मनगटं, घोटे, सगळीकडे. काही बाळांत ही चुळबुळ नसते आणि त्यांतल्या बहुतेकांना पुढे सेरेब्रल पाल्सी होते. काही मिनिटांचं चित्रीकरण शिकलेल्या माणसानं पाहिलं की हे ओळखता येतं. इयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी २०१७मध्ये सगळा पुरावा एकत्र मांडून म्हटलं की जोखमीच्या बाळांत ही खूण, मेंदूचा एमआरआय आणि शरीराची तपासणी मिळून सहा महिन्यांच्या आत निदान करता येतं. कमी दिवसांच्या बाळाचं वय इथे प्रसूतीच्या ठरलेल्या तारखेपासून मोजायचं.

निदान लवकर झाल्यावर करायचं काय, हा खरा भाग. मालिश बाळाला सुखावते, आईशी जवळीक वाढवते. ती बंद करायचं काही कारण नाही. पण दुसऱ्यानं हातपाय हलवले म्हणून मेंदू हालचाल शिकत नाही. मागे बसलेल्यानं पॅडल मारून सायकल येत नाही, तसंच. बाळानं स्वतः काहीतरी करावं म्हणून परिस्थिती जमवायची. खेळणं हाताच्या टप्प्यापासून वीतभर लांब ठेवायचं, बाळ पालथं असताना समोर आपलं तोंड आणायचं. एक बाजू कमजोर असेल तर चांगल्या हातावर रोज थोडा वेळ मऊ मोजा चढवून कमजोर हाताला कामाला लावायचं, अर्थात फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्यानं.

जाता जाता एक खूण. वर्षाच्या आतलं बाळ सगळं एकाच हातानं घेत असेल तर आपण कौतुकानं ‘डावखुरा होणार’ म्हणतो. त्या वयात हात ठरत नाही. दुसरा हात मागे का राहतोय ते दाखवून घ्यावं.

गोव्यातलं चित्रीकरण

स्वमग्नतेत मूल इतरांशी संवाद साधण्यात वेगळं असतं. नजर, खुणा, बोलणं यांची देवाणघेवाण कमी होते. इथे लवकर मदत म्हणजे काय?

ब्रिटनमध्ये १५२ मुलांवर एक पद्धत तपासली गेली. पालकांनी मुलाशी खेळायचं, त्याचं चित्रीकरण करायचं, मग थेरपिस्टबरोबर बसून ते पाहायचं: मुलानं इथे तुमच्याकडे पाहिलं, तुमच्या लक्षात आलं का? इथे ते काही दाखवत होतं, तुम्ही मात्र ‘हा कुठला रंग, सांग’ म्हणून त्याला दुसरीकडे ओढलंत. मुलाच्या मागे जायला पालक शिकतात. सुमारे सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही या मुलांची लक्षणं तुलनेतल्या, म्हणजे ही पद्धत न मिळालेल्या, गटापेक्षा सौम्य होती. भाषेच्या चाचणीत मात्र फरक दिसला नाही.

हीच पद्धत गोव्यात ‘संगाथ’ संस्थेनं आणि पाकिस्तानात रावळपिंडीत आपल्या परिस्थितीला बेतून वापरली गेली. निष्कर्ष २०१६मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. ६५ मुलं, वय दोन ते नऊ. शिकवणारे तज्ज्ञ नव्हते, प्रशिक्षण दिलेले साधे आरोग्य कार्यकर्ते होते. सहा महिन्यांत बारा बैठका. पालक मुलाच्या कलानं घेऊ लागले आणि मुलं आपणहून जास्त वेळा संवाद सुरू करू लागली. एका बाबतीत उलटं झालं. दोघांचं लक्ष मिळून एकाच गोष्टीवर असण्याचा वेळ घटला. संशोधकांनी हेही लपवलं नाही, आणि एवढ्याशा अभ्यासावर इमले बांधू नयेत हे खरं. पण तालुक्याच्या गावी थेरपिस्ट सोडा, बालरोगतज्ज्ञ मिळायची मारामार असते. तिथे शिकवून तयार केलेल्या आशा ताईंकडून हे होऊ शकेल, ही आशा लहान नाही.

‘जास्त तास म्हणजे जास्त फायदा ना?’

शहरातल्या पालकांना हा प्रश्न कर्जात घालतो. त्याचं मूळ १९८७च्या एका अमेरिकी अभ्यासात आहे. इव्हार लोव्हास या मानसशास्त्रज्ञांनी आठवड्याला स्वमग्न मुलांपैकी चाळीस तास शिकवलेल्या १९ जणांतले नऊ ‘सर्वसाधारण’ झाल्याचं सांगितलं. पुढे त्यावर कडक टीका झाली, कारण कुठलं मूल कुठल्या गटात जाणार हे चिठ्ठी टाकून ठरवलं नव्हतं आणि मुलांना शिक्षाही केल्या जात होत्या. तरी चाळीस तासांचा आकडा लोकांच्या डोक्यात घर करून राहिला. २०२४मध्ये मायकल सँडबँक आणि सहकाऱ्यांनी १४४ अभ्यास, नऊ हजारांहून जास्त मुलं, एकत्र तपासली. तास वाढले म्हणून परिणाम वाढल्याचं दिसलं नाही.

मला यात दिलासा वाटतो. मूल जेवतं, आंघोळ करतं, चपला घालतं, दारात येणाऱ्या मांजरीला हाकलतं, हे सगळे शिकण्याचेच तास आहेत. आठवड्यातून एकदा भेटणारा चांगला थेरपिस्ट या तासांचं काय करायचं ते घरच्यांना शिकवतो. मुलाला आत नेऊन दार लावून घेणाऱ्या आणि आईला बाहेर बाकावर बसवणाऱ्या केंद्राला प्रश्न विचारायला हरकत नाही.

आणि स्टेम सेलच्या, म्हणजे शरीरातल्या मूळ पेशी टोचून बरं करण्याच्या, जाहिराती करणाऱ्यांना तर विचारावाच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७च्या नियमावलीत रक्ताच्या ठरावीक आजारांसारख्या मोजक्या मान्य उपयोगांपलीकडे स्टेम सेल वापरायचे ते फक्त रीतसर संशोधनात. स्वमग्नता आणि सेरेब्रल पाल्सी त्या मोजक्यांत नाहीत.

‘मुलगे उशिराच बोलतात’, ‘शिक्का बसेल’

अर्जेंटिना, भारत, दक्षिण आफ्रिका आणि तुर्कस्तान या चार देशांतल्या तीन वर्षांपर्यंतच्या ४,९४९ मुलांचा अभ्यास २०१८मध्ये प्रसिद्ध झाला. निरोगी मुलगे आणि मुली विकासाचे बहुतेक सगळे टप्पे जवळपास एकाच वयात गाठतात, असं त्यात दिसलं. ‘मुलगा आहे म्हणून’ ही सबब फार ताणता येत नाही.

वय थोडं मागे-पुढे होणं स्वाभाविक आहे, आणि किती तेही ठाऊक आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मोजणीत निरोगी मुलं ८.२ ते १७.६ महिन्यांच्या दरम्यान एकटी चालू लागली. शेजारचं दहाव्या महिन्यात चाललं म्हणून घाबरायचं कारण नाही. दीड वर्ष उलटलं आणि चालत नाही, तर थांबायचं कारण नाही. वर्ष झालं तरी बोट दाखवत नाही, हाकेला वळत नाही, दोन वर्षांचं झालं तरी दोन शब्द जोडत नाही, तर दाखवावं. आलेली गोष्ट गेली, म्हणजे बोलत होतं ते बंद झालं, तर त्याच आठवड्यात.

यातली काही मुलं काकासारखी आपोआप बोलतील. ती कुठली, हे आधी सांगता येत नाही. त्यांच्याशी जरा जास्त खेळलं, जास्त बोललं गेलं तर नुकसान काय होणार? उलट बाजूला चूक झाली तर वाफसा जातो. शिक्क्याचं म्हणाल, तर मदत सुरू करायला आजाराचं नाव लागत नाही. ‘अजून मान धरत नाही’ एवढ्यावर काम सुरू करता येतं. प्रमाणपत्र, कार्ड वगैरे पुढची बाब.

मग सगळं सिद्ध झालंय का?

नाही. कान-डोळ्यांचा पुरावा पक्का आहे, बाकीच्या ठिकाणी तो पातळ होत जातो. कमी दिवसांच्या बाळांसाठीच्या कार्यक्रमांचा कॉक्रेन आढावा (वैद्यकीय अभ्यास एकत्र करून पारखणाऱ्या कॉक्रेन या संस्थेचा) २०१५मध्ये आला: २५ अभ्यास, ३,६००हून जास्त बाळं. आकलनात फायदा झाला, शाळेत जायच्या वयापर्यंत टिकलाही. शाळेत गेल्यावर मात्र दिसेनासा झाला. हालचालींतला फायदा मुळातच लहान होता.

टीकाकार म्हणतात, मग खर्च कशाला? मला वाटतं एक खुरपणी करून शेताकडे पाठ फिरवली तर तण माजणारच. पुण्याच्या केईएम रुग्णालयात १९८७-८९मध्ये जन्मलेल्या, दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळांचा डॉ. सुधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी ती मोठी होईपर्यंत माग ठेवला. बाराव्या वर्षी त्यांचा सरासरी बुद्ध्यांक सर्वसाधारण मर्यादेत होता, तरी तुलनेतल्या मुलांपेक्षा कमी. म्हणजे ‘वर्षाचं झालं, वजन भरलं, सुटलो’ हा हिशेब चुकीचा.

उलट उदाहरणही आहे. जमैकात १९८०च्या दशकात १२९ कुपोषित, खुरटलेल्या मुलांपैकी काहींच्या घरी आरोग्य कार्यकर्त्या आठवड्यातून एकदा तासभर जात, घरच्याच वस्तूंची खेळणी करून आईला मुलाशी खेळायला शिकवत. असं दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी त्या मुलांची कमाई तुलनेतल्या गटापेक्षा २५ टक्क्यांनी जास्त भरली. ही मुलं अपंग नव्हती, त्यामुळे निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही. पण मेळघाट आणि नंदुरबारच्या राज्यात तो वाचून सोडून देण्यासारखाही नाही.

‘आमचं तर आता आठ वर्षांचं आहे’

मेंदू आणि दृष्टीचे अभ्यासक पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात उत्तर भारतातल्या, जन्मापासून मोतीबिंदूमुळे न दिसणाऱ्या मुलांची ऑपरेशनं झाली. काही तर आठ-दहा वर्षांची होती, काही त्याहून मोठी. ह्युबेल-वीझलच्या हिशेबानं त्यांना काही दिसायलाच नको होतं. बारीक अक्षर वाचण्याइतकी नजर बहुतेकांना आली नाही हे खरं. पण वस्तू ओळखणं, हातानं चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ताडणं, एकट्यानं रस्ता धरणं हे पुष्कळांना जमलं. वाफसा गेल्यावरचं पीक म्हणा हवं तर.

जाताना काय न्यावं

अंगणवाडी ताई किंवा आशा ताई चिठ्ठी देतात ती घेऊन जिल्हा रुग्णालयातल्या केंद्रात जायचं. मुंबईकरांना वांद्र्याच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेतही (बोलण्या-ऐकण्यातल्या अपंगत्वासाठीची संस्था) सोय आहे. २०२१मध्ये देशात अशी १४ केंद्रं सुरू झाली, त्यातलं ते एक. खेड्यातून जिल्ह्याला जायचं म्हणजे एक रोज बुडतो आणि एसटीचे दोन फेरे होतात, तेव्हा एका खेपेत जास्तीत जास्त काम व्हावं. सोबत बाळ पेटीत होतं तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड न्यावं, आणि माता व बाल संरक्षण कार्डही. त्यात लशींच्या नोंदींबरोबर मूल कधी काय करतं याची चित्रं छापलेली असतात. जी मूल अजून करत नाही त्यांच्यावर पेन्सिलनं खूण करून ठेवा. आणि फोनमध्ये घरातलं दोन-तीन मिनिटांचं चित्रीकरण असू द्या: खेळताना, खाताना, हाक मारल्यावर. पांढरा कोट दिसला की पोरं भोकाड पसरतात, आणि मग तपासणाऱ्याला रडण्यापलीकडे काही दिसत नाही.